बर्मिंगहॅमची चार माणसं आमच्या वाडीच्या मुलांना मदत करू म्हणतायत. पुढे जावं का, आणि कसं?

खजिनदारबाई, ता. दापोली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. थोडक्यात विचारलं की उत्तरंही "सांभाळून राहा" एवढीच येतात, म्हणून सगळं लिहिते.

आमचा न्यास छोटा आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, दरवर्षी ऑडिट होतं, ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे. विश्वस्त सात, त्यातले कामाचे तीन. खाडीच्या वरच्या अंगाला दोन कातकरी वाड्या आहेत, तिथल्या मुलांसाठी काम करतो. दिवाळी झाली की मुकादम येतो. उचल पावसाळ्यातच घेऊन संपलेली असते, त्यामुळे घरंच्या घरं कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर निघतात. पोरं बरोबर जातात. शाळेच्या पटावर नाव असतं आणि पोरगं भट्टीवर राख उपसत असतं. ज्यांची आजी किंवा मावशी वाडीत मागे राहते त्या मुलांना आम्ही मागे ठेवून घेतो. आजीला महिन्याचा शिधा देतो, आणि गावातली बारावी झालेली एक मुलगी संध्याकाळी अभ्यास घेते, तिला मानधन. वर्षाचा खर्च तीन लाखांच्या आतबाहेर. पैसा मुंबईकर चाकरमान्यांचा, बराचसा गणपतीत पावतीपुस्तक घेऊन घरोघरी फिरून जमवलेला.

आता मुद्द्याचं. आमच्या गावच्या मोहल्ल्यातले एक चाचा तरुणपणी बोटीवर लागले, ते पुढे बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. पासपोर्ट ब्रिटिश. ते आणि आणखी तिघं मिळून तिथे एक लहानशी धर्मादाय संस्था चालवतात. एक निवृत्त नर्स (चाचींबरोबर एकाच हॉस्पिटलात होत्या), एक प्राथमिक शिक्षिका, आणि जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेले एक गृहस्थ. आतापर्यंत त्यांनी आफ्रिकेत मलावीतल्या एका गावासाठी काम केलंय. आता "आपल्या गावासाठीही करू" असं चाचांनी मनावर घेतलंय.

गेल्या हिवाळ्यात चाचा आणि त्या नर्सबाई येऊन गेले. बाई वाडीत दुपारभर बसल्या. एका आजीला विचारलं, तांदूळ संपला की काय करता? मी भाषांतर करायच्या आतच आजीने उठून कुडाला टांगलेली चिंबोऱ्यांची टोपली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. टोपलीत दोनच होत्या, त्यातली एक लगेच पळाली. बाई हसल्या नाहीत, की फोटोही काढला नाही. मला तेव्हाच बरं वाटलं त्यांच्याबद्दल.

आता त्यांनी अकरा पानांचा भागीदारी करार पाठवलाय आणि वर्षाला सहा हजार पौंड, म्हणजे साधारण सहा-सात लाख, देऊ म्हणतात. माझ्या शंका अशा:

ही चार माणसं खरी आहेत हे मला माहीत आहे, पण त्यांची संस्था तपासायची कशी? चाचा म्हणतात, "कशाला लफडं, तुझ्या खात्यावर पाठवतो, तू खर्च कर." हे चालेल का? तिसरं, घाटावरच्या एका मोठ्या संस्थेकडे परदेशी देणगीचा परवाना आहे. ते म्हणतात, आमच्याकडून पैसे फिरवून घ्या, दहा टक्के आम्ही ठेवू. आणि करारात मुलागणिक फोटो आणि माहिती मागितलीय, म्हणजे तिथले देणगीदार एकेक मूल "दत्तक" घेतील. हे मला रुचत नाहीये, पण सहा लाखांपुढे माझी रुची कुठे घालू?

---

कुडाळकर समन्वयक

ताई, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कायदा आडवा येतो. ते इथले सीए सांगतील, मी त्यात पडत नाही. बाकीच्यावर लिहितो, कारण सिंधुदुर्गातल्या एका संस्थेत हेच काम करत होतो आणि आमची भागीदारही इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातली अशीच चार-पाच माणसांची संस्था होती.

तपासणी सोपी आहे. इंग्लंड-वेल्सच्या संस्थांची नोंद तिथल्या चॅरिटी कमिशनकडे असते आणि ती यादी कुणालाही फुकट बघता येते. नाव टाकलं की विश्वस्त कोण, गेल्या वर्षी किती आले, किती गेले, सगळं दिसतं. वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या खाली असेल तर बहुतेकांना नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणून लगेच भामटे ठरवू नका. पण तुम्हालाच सहा हजार देणार म्हणतात, म्हणजे नोंद असायला हवी. नसेल तर ते पैसे येणार कुठून, हे सरळ विचारा.

पैसे कसे जमतात तेही समजून घ्या. आमच्या भागीदारांत एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या शेजारीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक आजोबा, आणि वेबसाइट सांभाळणारा एक तरुण. जॅम करून विकायचे, लांब पल्ल्याची पदयात्रा काढून मैलामागे देणगी लावून घ्यायचे. देणारा तिथे प्राप्तिकर भरत असेल तर 'गिफ्ट एड'खाली १ पौंडामागे सरकार २५ पेन्स वर घालतं. विश्वस्तांना पगार नसतो, सगळं रात्री जेवणं उरकल्यावर चालतं. आपलं वाडीतलं गणेशोत्सव मंडळ डोळ्यासमोर आणा, फक्त हिशेबाची वही जास्त चोख. म्हणून त्यांनी अकरा पानं पाठवली की घाबरू नका. पैसा योग्य कामाला लागला हे त्या चौघांना स्वतःला दाखवावं लागतं, जबाबदारी त्यांच्या डोक्यावर असते. ती पानं बहुधा कुठल्यातरी नमुन्यावरून उतरवलेली असतात. बसून निम्मी करून घ्या, ते ऐकतात.

आमची भागीदारी चालली ती दोन बायकांमुळे. तिकडे मुख्याध्यापिका, इकडे आमच्या ऑफिसातली हिशेब लिहिणारी मुलगी. आमचे अध्यक्ष भाषण उत्तम करायचे, पण इंग्लंडच्या मेलला उत्तर द्यायची ती. आठवडी बाजारात सुकी मासळी घेतली तर पावती कोण देणार? तिने व्हाउचरचं पुस्तक छापून घेतलं होतं. तारीख, काय घेतलं, कुणाकडून, किती, घेणाऱ्याची सही आणि ज्या घरी माल गेला तिथला अंगठा. एका वर्षी तिकडून प्रश्न आला की मे महिन्याचं शिध्याचं बिल दुप्पट कसं? हिने आगोट म्हणजे काय ते दोन पानं भरून लिहिलं. पाऊस लागला की खाडी बंद, मजुरी बंद, म्हणून तांदूळ, मीठ, मिरची, सुकट आधीच भरून ठेवावी लागते. पुढच्या वर्षी न मागता जूनचा हप्ता एप्रिलातच आला. माझ्या लेखी भागीदारी ती ही. करारात त्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

मग तिचं लग्न झालं, ती नालासोपाऱ्याला गेली. मेल पडून राहिले. तिकडच्यांना वाटलं पैसे गिळले. त्यांनी हप्ता थांबवला, आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर दुसरं काही करणं शक्यही नव्हतं. गैरव्यवहार दमडीचा नव्हता, फक्त उत्तर द्यायला माणूस नव्हता. म्हणून माझं पहिलं म्हणणं, करारात संस्थांच्या नावांखाली माणसांची नावं घाला. दोन त्यांची, दोन तुमची. तुमच्याकडून एक तुम्ही आणि दुसरी ती अभ्यास घेणारी मुलगी. हसू नका, वाडीत रोज जाणारी तीच आहे.

दुसरं, तुमचे चाचा. गावचे आहेत, तिकडे विश्वस्त आहेत, आणि इकडे त्यांची भावकी असणारच. उद्या शिध्याचा तांदूळ त्यांच्या पुतण्याच्या दुकानातून घेतला तर? चुकीचं काहीच नाही, पण त्या तिघांना आधी माहीत हवं. चाचा जोडणारे राहू देत, हिशेब तपासणारे नर्सबाई नाहीतर ते हिशेबनीस असू देत.

तिसरं, आणि हे मी कुठल्याही नमुन्यात पाहिलेलं नाही. हंगामाच्या मध्यात पैसे थांबवायचे नाहीत, असं कलम घाला. जानेवारीत हप्ता थांबला तर आईबाप उचल फेडत भट्टीवर आणि पोरं आजीजवळ विनाशिध्याची. पटलं नाही तर मे अखेरपर्यंत द्या आणि मग थांबा, असं स्वच्छ लिहून घ्या.

दत्तक प्रकरणात तुमची रुची शाबूत ठेवा. परदेशात एका मुलाच्या नावाने पैसे जमवणं सोपं जातं. ॲक्शनएडसारखी पुढे मोठी झालेली संस्थाही १९७२ मध्ये तशीच सुरू झाली होती. पण तीस घरांच्या वाडीत एका पोराला इंग्लंडहून पत्र आणि दप्तर आलं आणि शेजारच्याला नाही, की त्या दोन आयांची पाणवठ्यावर काय जुंपते ते तुम्हाला मी सांगायला नको. वाडीच्या नावाने द्या म्हणा. आजीने टोपली पुढे ठेवल्यावर फोटो न काढणाऱ्या बाईंना हे समजेल.

---

ताळेबंद, रत्नागिरी (सीए)

कायद्यापुरतं सांगतो. कागदपत्रं बघितल्याशिवाय यापेक्षा जास्त बोलणार नाही.

वैयक्तिक खात्यावर अजिबात नाही. परदेशी संस्थेचा किंवा परदेशी नागरिकाचा पैसा सामाजिक कामासाठी घ्यायचा तर एफसीआरए २०१० (परकीय देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नातेवाइकाने नातेवाइकाला दिलेला पैसा वेगळा, इथे ते लागू नाही. चाचा गणपतीला येताना रोख रुपयांत देऊन गेले तरी ते परकीयच, कारण देणाऱ्याचं नागरिकत्व बघतात, नोटेवर कुणाचं चित्र आहे ते नाही. उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

घाटावरच्या संस्थेचा प्रस्तावही बंद. २०२० च्या दुरुस्तीपूर्वी परवानाधारक संस्था दुसऱ्या परवानाधारक संस्थेला पैसे देऊ शकत होती. आता एका संस्थेला आलेली परकीय देणगी दुसऱ्या कुणालाही वर्ग करता येत नाही. दहा टक्के ठेवून नाही, एक टक्का ठेवूनही नाही. ही गोष्ट त्या संस्थेला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही, पण ते असो.

मग उरतं काय? नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. तुमचा वर्षाला तीन लाख, म्हणजे ते जमत नाही. तुमच्यासाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. फॉर्म एफसी-३बी. अमुक देणगीदाराकडून, अमुक रक्कम, अमुक कामासाठी. त्यासोबत बर्मिंगहॅमच्या संस्थेचं वचनपत्र (एवढी देणगी देऊ असं लेखी) आणि प्रकल्पाचा आराखडा लागतो. अर्ज ऑनलाइन गृहमंत्रालयाकडे जातो. पदाधिकाऱ्यांचे आधार लागतात. चौकशी होऊ शकते, त्यासाठी तुमच्या ठरावांची वही नीट असू द्या.

पैसे येणार ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून खातं उघडता येतं. तिथून खर्चासाठी इकडे वेगळं खातं ठेवता येतं, पण त्यात गणपतीच्या पावतीपुस्तकाचा पैसा मिसळायचा नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. अभ्यास घेणाऱ्या मुलीचं मानधन हा थेट कामाचा खर्च, तो साधारणपणे त्यात धरत नाहीत. दरवर्षी एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं, एक रुपया आला नसेल तरी. आमच्याकडे लोक अडकतात ते बहुधा इथेच.

दुसरा मार्ग म्हणजे परवाना असलेल्या संस्थेने प्रकल्प स्वतःच चालवायचा. दुकानदाराला पैसे ती देईल, मानधन ती देईल, हिशेब तिचा. तुमच्या न्यासाच्या खात्यात काही येणार नाही. कायद्याने चालतं, पण मग वाडीत काम कुणाचं, हे आधी ठरवा.

---

सडेतोड

परदेशी पैसा, त्यातून आदिवासी वाडी. पुढे काय होतं ते आम्ही बघितलंय. धर्मांतराचा डाव असतो. सावध राहा.

---

खजिनदारबाई, ता. दापोली

सडेतोड, पैसा आणणारे चाचा मुसलमान, नर्सबाई ख्रिश्चन, मी देवळाच्या उत्सव समितीवर. कुणी कुणाला बाटवायचं ते आधी आमचं ठरू दे, मग कळवते.

---

ताळेबंद, रत्नागिरी (सीए)

याला एक कोरडं उत्तरही आहे. संस्थेचा उद्देश सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक की सामाजिक, हे सांगावं लागतं. तुम्ही शैक्षणिक आणि सामाजिक लिहिलं की त्याबाहेर खर्च करता येत नाही आणि सीएला त्यावर सही करावी लागते. मी तरी डोळे झाकून सही करत नाही.

---

वेंगुर्ल्याचो

आमच्या हय सेंट ल्यूक्स हॉस्पिटल अमेरिकन मिशनऱ्यांनीच सुरू केलला. आमच्या आज्येचा बाळंतपण थयच झाला, आणि आजी मरासर मंगळवारी सातेरीच्या देवळात जाय होती. बाय, तू नको घाबरा. पण ता दहा टक्केवालो असा मा, तेका लांबच ठेव.

---

खाडीवरचा कुवेतवाला

आमच्याकडेही असाच न्यास आहे, गुहागर बाजूला. आम्ही आखातातली पोरं मिळून दर महिन्याला देतो आणि एफसीआरए लागत नाही, कारण आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. स्वतःच्या पगारातून, आपापल्या बँक खात्यातून, एकेकट्याने. एकत्र जमवून मंडळाच्या नावाने पाठवायचं नाही. न्यासाने आमच्या पासपोर्टच्या प्रती फाइलला लावल्यात.

दापोली-मंडणगडची किती मुलं दुबई, दोहा, कुवेतला आहेत! तुमच्या मोहल्ल्यातूनच दहा निघतील. चाचांनी इंग्लंडमधल्यांना उभं केलं तसं त्यांना आखातातल्यांना फोन करायला सांगा. परवानगी येईपर्यंत एक हंगाम तरी निघेल. तीन लाखांचं काम एकदम सहा लाखांचं झालं आणि मग पौंड आटले तर काय, हाही विचार करा. इथे पगार आटतो तसा तिथे देणगीदारही आटतो.

सीए साहेब, बरोबर ना हे?

---

ताळेबंद, रत्नागिरी (सीए)

बरोबर. फक्त एखाद्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं की तो या गटातून बाहेर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. दर वर्षी विचारून घ्या.

---

अमेरिकेतून वाचक

मी 'एड' (असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट) या भारतातल्या कामांना मदत करणाऱ्या संस्थेच्या एका शाखेत स्वयंसेवक आहे. १९९१ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. त्याच वर्षी बर्कलीत 'आशा' ही तशीच संस्था सुरू झाली, आणि महाराष्ट्र फाउंडेशन तर १९७८ पासूनचं. कुडाळकरांनी माणसांची नावं घाला म्हटलं, ते 'आशा'त पद्धतच म्हणून आहे. प्रत्येक प्रकल्पामागे इथला एक स्वयंसेवक असतो, त्याला स्टुअर्ड म्हणतात. फोन त्याने करायचा, भारतात गेला की भेट त्याने द्यायची, इथल्या बैठकीत उलटतपासणीला उत्तरं त्यानेच द्यायची. बहुतेक सगळी नोकरी सांभाळून. त्यामुळे इंग्लंडमधल्या चौघांनी उशिरा उत्तर दिलं तर रागावू नका, त्यांच्याकडे ऑफिस नाही.

एक सुचवतो. अहवाल इंग्रजीत नटवून लिहू नका. त्या मुलीला मराठीत फोनवर बोलायला सांगा, पाच मिनिटं, महिन्यातून एकदा. चाचा समजावून सांगतील. आमच्या बैठकीत सुबक अहवालांना कुणी प्रश्न विचारत नाही, अशा आवाजाला विचारतात.

---

खजिनदारबाई, ता. दापोली

सगळ्यांचे आभार. काल विश्वस्तांची बैठक घेतली. कामाचे तिघं आलो, आणि आश्चर्य म्हणजे चौथेही.

असं ठरलं. खात्यावर पैसे घ्यायचे नाहीत, हे चाचांना मी सांगितलं. ते जरा नाराज झाले, "आपल्या गावाला द्यायला दिल्लीची परवानगी?" म्हणाले. मग हिशेबनीस गृहस्थांना फोनवर घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की अशा रीतीने पाठवलं असतं तर त्यांनाच तिथे उत्तर देता आलं नसतं. त्यानंतर चाचा शांत. चॅरिटी कमिशनच्या यादीत नाव सापडलं, चौघंही त्यात आहेत.

घाटावरच्या संस्थेला नकार कळवला. त्यांचं उत्तर नाही.

करारात दोन-दोन नावं घालतोय. अभ्यास घेणाऱ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मी लिहीन, पण मानधन वेळेवर द्या." योग्यच आहे. हंगामाचं कलम नर्सबाईंना लगेच पटलं. दत्तकाचं शिक्षिकाबाईंना पटत नाहीये. त्यांच्या शाळेतली मुलं पत्रं लिहायला उत्सुक आहेत म्हणे. मी म्हटलं लिहू देत, शाळेने शाळेला लिहावं, उत्तरही आमची शाळा देईल, कातकरी आणि बाकीची सगळी मुलं मिळून. त्यावर त्या विचार करतायत.

आखातातल्या मुलांची यादी चाचांच्या पुतण्याने केलीय. हो, तोच, दुकानवाला. तांदूळ त्याच्याकडून घ्यायचा की नाही हे अजून ठरायचंय. भाव तालुक्यापेक्षा कमी आहे आणि माल वाडीपर्यंत पोचवतो, त्यामुळे कुडाळकरांचं म्हणणं मान्य असूनही मोह होतोय. बर्मिंगहॅमला सांगून घेऊ म्हणते.

सीए साहेब, एफसी-३बी कधीपासून भरायला घेऊ?

---

ताळेबंद, रत्नागिरी (सीए)

वचनपत्र आलं की. त्याआधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची सरकारी यादी) न्यासाची नोंद आहे का बघा, तो क्रमांक अर्जात विचारतात.

---

खजिनदारबाई, ता. दापोली

नोंद आहे. पण त्याला मोबाइल नंबर जुन्या अध्यक्षांचा जोडलाय आणि ते आता नातवाकडे विरारला असतात, ओटीपी आला तर वाचून कोण दाखवणार? सोमवारी सूनबाईंना फोन लावते.